फिल्टर बदलून आठ दिवसांत गाडी पुन्हा बसते: दोष डिझेलचा, इंजिनाचा की निवडीचा?

तक्रार ठरलेली असते. मालाने भरलेला ट्रक घाटात खेचत नाही, मिस्त्री डिझेल फिल्टर बदलतो, आठ-दहा दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच रडगाणं. मग कोणी म्हणतं, नवं डिझेल जुन्या इंजिनाला मानवत नाही, गाडी विकून बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण मानकाची गाडी, घ्या. कोणी म्हणतं, बीएस-६ म्हणजे नुसते सेन्सर, जुनीच सोन्यासारखी. दोन्ही सल्ले गाडी न बघता दिलेले असतात. आधी बिघाड नेमका कुठे आहे ते शोधा. गाडी बदलायची की नाही हे बऱ्याचदा त्यातूनच कळतं.

डिझेलमध्ये नक्की काय बदललं

देशभर बीएस-३ डिझेल असताना गंधकाची मर्यादा ३५० पीपीएम (दहा लाख भागांत ३५० भाग) होती. एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आलं तेव्हा ती ५० वर आली आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेलमध्ये १० वर. आज पंपावर दुसरं डिझेल मिळतच नाही, त्यामुळे वीस वर्षांची गाडीही तेच पिते.

गंधक कमी झाल्याने वंगण कमी झालं, असं सरसकट बोललं जातं. प्रत्यक्षात गंधक स्वतः वंगण नाही. ते काढताना हायड्रोजनची जी प्रक्रिया होते, तिच्यात वंगण देणारे इतर घटकही निघून जातात. ती कसर रिफायनरीत ॲडिटिव्ह घालून भरून काढतात. मानकानुसार घासण्याच्या चाचणीतला व्रण ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा असता कामा नये. म्हणजे प्रामाणिक पेट्रोल पंपावरचं डिझेल गाडीच्या जुन्या इंजेक्शन पंपालाही पुरेसं वंगण देतं. खरा त्रास दोन ठिकाणी होतो. पहिला रबरात: जुन्या नायट्राइल रबराच्या ओ-रिंगा (गळती रोखणाऱ्या गोल कड्या) वर्षानुवर्षं ॲरोमॅटिक घटक जास्त असलेल्या डिझेलमध्ये फुगून बसलेल्या असतात, ते घटक कमी झाले की आकसतात आणि गळू लागतात. दुसरा भेसळीत: रॉकेल किंवा सॉल्व्हंट मिसळलं की ते ४६० चं गणित कोलमडतं.

शिवाय मानकानुसार डिझेलमध्ये ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालतं. बायोडिझेल पाणी धरून ठेवतं आणि टाकीत वर्षानुवर्षं साचलेला गाळ सोडवतं. जुन्या गाडीत लागोपाठ दोन-तीन फिल्टर चोक होण्याचं हे एक कारण. तो गाळ निघून गेला की त्रास थांबतो. थांबला नाही तर कारण वेगळं आहे.

आधी गाडीचा इंजेक्शन पंप ओळखा

गाडी कोणत्या वर्षाची यापेक्षा पंपाला वंगण कुठून मिळतं हे जास्त महत्त्वाचं.

इनलाइन पंप लांबट असतो, वर एका ओळीत प्रत्येक सिलिंडरसाठी एक डिलिव्हरी व्हॉल्व्ह, आणि बहुतेक पंपांना इंजिनकडून ऑइलची बारीक पाइप आलेली असते. त्याचा कॅमशाफ्ट इंजिन ऑइलमध्ये फिरतो. डिझेल थोडं इकडचं तिकडचं झालं तरी हा पंप तग धरतो. रोटरी पंप गोल डोक्याचा, पाइप वर्तुळात बाहेर पडतात. त्याच्या आतला प्रत्येक भाग डिझेलनेच वंगण घेतो. रॉकेलमिश्रित डिझेल याला सर्वात आधी खातं. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या सिलिंडरांना एकाच नळीतून डिझेल देणाऱ्या रचनेत, हाय प्रेशर पंप, ती जाड नळी म्हणजे रेल, आणि वायर जोडलेले इंजेक्टर (डिझेल फवारणारे भाग) असतात. तिथे दाब १,६०० बारच्या आसपास किंवा त्याहून वर जातो आणि इंजेक्टरच्या आतली फट दोन-तीन मायक्रॉनची. पाण्याचा थेंब किंवा धुळीचा कणही तिथे महागात पडतो.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. 'बीएस-४ म्हणजे कॉमन रेल' हे सगळ्या गाड्यांना लागू नाही. अशोक लेलँडने बीएस-४ मध्ये आयईजीआर तंत्राने (ईजीआर म्हणजे एक्झॉस्टचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवणं) इनलाइन पंपच कायम ठेवला होता. सेकंडहँड घेताना हा फरक किमतीपेक्षा मोठा ठरतो.

जुना फिल्टर फेकू नका, फाडा

चोक झालेला फिल्टर उभा धरून आतलं डिझेल पारदर्शक बाटलीत काढा आणि अर्धा तास ठेवा. मग फिल्टर कटरने डबा कापून कागदाच्या घड्या उलगडा. करवत किंवा ड्रिल वापरू नका, त्यांचा चुरा आत गेला की सगळी तपासणी वाया जाते.

बाटलीच्या तळाशी पाण्याचा थर दिसला तर टाकी किंवा पंपवाला दोषी. घड्यांवर तपकिरी पूड म्हणजे टाकीचा गंज. काळा, बुळबुळीत, आंबूस वासाचा थर म्हणजे डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर वाढणारी बुरशी. पावसाळ्यात कोकणपट्टीत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत आणि ऊस हंगामानंतर महिनोन्‌महिने न हललेल्या गाड्यांत ही हमखास सापडते. पिवळसर, चिकट, मेणासारखा थर हलक्या दर्जाच्या बायोडिझेलकडे बोट दाखवतो. आणि घड्यांमध्ये चंदेरी चमक दिसली तर गाडी तिथेच थांबवा. फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा) किंवा हाय प्रेशर पंप आतून झिजतोय. अशा वेळी नवा फिल्टर घालून गाडी पळवली तर तो चुरा इंजेक्टरपर्यंत जातो, आणि मग पंप, रेल, सगळे इंजेक्टर आणि टाकी असं एकत्र बिल होतं.

फिल्टर फाडल्यावर स्वच्छ निघाला तर? तेव्हा फिल्टरचा दोषच नव्हता. ही शक्यता लोक धरतातच असं नाही, आणि नेमकी इथेच महिनोन्‌महिने वाया जातात.

फिल्टर स्वच्छ, तरी गाडी खेचत नाही

पहिली गोष्ट टाकीचं झाकण. गाडी लोडवर मरायला लागली की बाजूला घेऊन झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा 'सूं' आवाज आला आणि त्यानंतर गाडी नीट चालली, तर झाकणाचा किंवा टाकीचा श्वासमार्ग मातीने बुजलाय. दगडखाणीत आणि क्रशरवर चालणाऱ्या गाड्यांत हे फार होतं.

दुसरी, टाकीतल्या सक्शन पाइपच्या टोकाची जाळी. गाडी बंद केली की चिकटलेला गाळ सुटून खाली बसतो, दहा मिनिटांनी गाडी पुन्हा छान चालते. 'थोडी विश्रांती दिली की ठीक होते' असं ड्रायव्हर सांगत असेल तर आधी ही जाळी बघा.

तिसरी, हवा. फिल्टर ते पंप हा पाइपचा तुकडा काढून तिथे डिझेलला चालणारी पारदर्शक नळी लावा, गाडी सुरू करून इंजिन दीड हजार आरपीएमवर ठेवा आणि बघा. बुडबुडे दिसले तर मागे मागे जात प्रत्येक जोड तपासा: बॅन्जो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर, हँड प्रायमर, वॉटर सेपरेटरच्या भांड्याची रिंग. वॉशर पुन्हा वापरू नयेत, दहा-वीस रुपयांच्या वॉशरसाठी दिवस जातो. सक्शनच्या बाजूला डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून बाहेरून सगळं कोरडं दिसतं.

चौथी इनलाइन पंपाची: ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह. पंपाच्या गॅलरीत (आतल्या डिझेलच्या कप्प्यात) साधारण १ ते दीड बार दाब राखण्याचं काम त्याचं. आतली स्प्रिंग थकली की दाब टिकत नाही, थंड इंजिन नीट चालतं आणि गरम झाल्यावर दम सोडतं. हा व्हॉल्व्ह हरवला म्हणून तिथे साधा बोल्ट भोक पाडून लावलेल्या गाड्याही फिरत असतात. असा जुगाड दिसला तर फिल्टर, फीड पंप, नोझल यांच्या मागे लागण्याआधी मूळ भाग लावा.

आता गळती. पंपाच्या डोक्यावर डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या बुडाशी ओल दिसते, किंवा इंजिन ऑइलची पातळी वाढते आणि डिपस्टिकला डिझेलचा वास येतो. ऑइल वाढणं गंभीर आहे: फीड पंपाच्या दांड्याचं सील गेलंय किंवा पंपाचे प्लंजर झिजलेत. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं, त्यामुळे ते लगेच बदला आणि पंप खोलायला द्या. ओ-रिंगा बदलताना व्हिटॉन रबराच्या मागा. त्या आजचं डिझेल आणि ७ टक्क्यांपर्यंतचं बायोडिझेल दोन्ही सोसतात. पुन्हा नायट्राइलच टाकल्या तरी नव्या असल्याने त्या गळणार नाहीत, पण फरकाचे पैसे इतके थोडे की तो विचारच करू नये.

पंप खोललाच आहे म्हणून मिस्त्री 'डिझेल थोडं वाढवून देतो' म्हणेल. नको म्हणा. आजचं डिझेल थोडं हलकं आहे, लिटरमागे ऊर्जा एक-दोन टक्के कमी पडते हे खरं, पण स्क्रू फिरवून ती भरून निघत नाही. काळा धूर, पीयूसीत अडचण आणि घाटात पिस्टन तापणं, एवढंच मिळतं.

टाकी धुताना

टाकी अर्ध्याहून रिकामी असताना गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवा. सकाळी चावी न लावता ड्रेन प्लगमधून एक-दोन लिटर बाटलीत काढा. पाणी किंवा काळा गाळ आला तर टाकी उतरवून स्वच्छ डिझेलने खळखळून धुवा, पाण्याने नाही. बुरशी असेल तर डिझेलसाठीचं बायोसाइड (बुरशी मारणारं औषध) डब्यावरच्या प्रमाणात घाला आणि नंतर फिल्टर लवकर बदलण्याची तयारी ठेवा, कारण मेलेली बुरशी फिल्टरवरच येऊन बसते. टाकीला वेल्डिंग करायचं असेल तर नुसती रिकामी टाकी पुरेशी नाही, आतली वाफ स्फोट करते. हे काम टाकी वाफेने साफ करणाऱ्याकडेच द्या. पावसाळ्यात मुक्कामाला टाकी भरलेली ठेवली तर आत दव कमी धरतं.

टू-स्ट्रोक ऑइल, रॉकेल आणि 'स्वस्त बायोडिझेल'

दोनशे लिटरला एक लिटर टू-स्ट्रोक ऑइल घालण्याची सवय अनेकांना आहे. जुन्या इनलाइन पंपाला त्याने अपाय होत नाही, गरजही नाही. बीएस-६ मध्ये ते अजिबात घालू नका. त्यातली राख डीपीएफमध्ये (एक्झॉस्टमधली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) अडकते आणि रीजनने (साठलेली काजळी तापवून जाळण्याच्या प्रक्रियेने) ती जळत नाही.

महामार्गालगत 'बायोडिझेल' म्हणून विकलं जाणारं स्वस्त इंधन बऱ्याचदा बायोडिझेल नसतंच, सॉल्व्हंट किंवा औद्योगिक तेलाचं मिश्रण असतं. ते तीव्र वास मारतं आणि रबर फुगवतं. खरं बी-१०० (निव्वळ बायोडिझेल) सुद्धा साध्या डिझेलपेक्षा लिटरमागे जवळजवळ आठ-दहा टक्के कमी ऊर्जा देतं, म्हणजे स्वस्ताईचा बराच भाग ॲव्हरेजमध्येच जातो. बीएस-६ मध्ये आणखी एक अडचण येते. रीजनच्या वेळी सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडणाऱ्या इंजिनात त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं. साधं डिझेल गरम ऑइलमधून बरंचसं उडून जातं, बायोडिझेलचा उत्कलनबिंदू वरचा असल्याने ते साचत राहतं.

बीएस-६ चा नेहमीचा त्रास

इथे तक्रार वेगळी असते: डीपीएफचा दिवा, वारंवार रीजन, मग इंजिनची ताकद कमी. डीपीएफ उतरवण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या बारीक नळ्या बघा. त्या तडकल्या किंवा काजळीने बुजल्या तर चांगला डीपीएफही चोक दिसतो.

नळ्या ठीक असतील तर काजळी का वाढतेय ते शोधा. गळका इंजेक्टर, टर्बोतून जाणारं ऑइल, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह, इंटरकूलरची फाटलेली नळी. यातलं काही असेल तर रीजन करूनही दोन दिवसांत दिवा परत लागतो. गाडीत दोष नसेल तर कामाचं स्वरूप बघा. डीपीएफ आपोआप साफ व्हायला एक्झॉस्ट तापावा लागतो. न्हावा-शेवा बंदराबाहेर रांगेत तासन्‌तास इंजिन चालू ठेवणारा कंटेनर ट्रक किंवा शहरातल्या शहरात पाच-पाच किलोमीटर फिरणारी गाडी तिथवर पोहोचतच नाही. अशा गाडीला आठवड्यातून एकदा तरी तास-दीड तास लोड घेऊन महामार्गावर सलग पळवा. ड्रायव्हर घाईत रीजन अर्धवट तोडत असेल तर त्याला समजावणं नव्या डीपीएफपेक्षा स्वस्त.

उभं राहून करायच्या रीजनला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो आणि डीपीएफचं तापमान ५५० ते ६०० अंशांपर्यंत जातं. उसाचं पाचट, वाळलेलं गवत किंवा भुसा असेल तिथे ते करू नका.

ऑइलवर मात्र तडजोड नाही. बीएस-६ ला कंपनीने सांगितलेलं कमी राखेचं ऑइल, बहुधा सीके-४ दर्जाचं. 'दोन्ही गाड्यांना एकच बॅरल' म्हणून जुन्या गाडीचं सीआय-४ प्लस ओतलं की राख डीपीएफमध्ये साठत जाते. ती जाळून जात नाही, डीपीएफ उतरवून भट्टी आणि हवेच्या यंत्रावरच काढावी लागते. ॲसिड किंवा गाड्या धुण्याच्या प्रेशर पंपाने धुतलेला डीपीएफ आतून फुटतो.

दुसरा नेहमीचा त्रास युरियाचा, म्हणजे एक्झॉस्टमध्ये फवारल्या जाणाऱ्या डीईएफ या द्रावणाचा. त्यात युरिया ३२.५ टक्के असतो आणि मोजल्यावर तो ३१.८ ते ३३.२ च्या दरम्यान भरला पाहिजे. खताच्या युरियापासून घरी केलेलं डीईएफ वापरू नका. आपल्याकडचा खताचा युरिया निमतेल लावलेला असतो, शिवाय त्यात बाययुरेट असतं. डोझरच्या (युरिया फवारणाऱ्या भागाच्या) तोंडाशी पांढरे खडे होतात आणि एससीआर (युरियाने धूर स्वच्छ करणारी यंत्रणा) बिघडतं. खडे झालेच तर डोझर काढून कोमट पाण्यात भिजवा, खरवडू नका. सीलबंद कॅनही उन्हात ठेवू नये. ३५ अंशांच्या आसपास ते सहा महिन्यांत खराब होऊ लागतं, आणि विदर्भात उन्हाळ्यात टपावर ठेवलेला कॅन त्याहून लवकर.

आता एक सवय, जी फारशी कोणी सांगत नाही. इंजिन बंद केल्यावर यंत्रणा नळीतला युरिया मागे टाकीत ओढून घेते, त्याला मिनिट-दोन मिनिटं लागतात. ड्रायव्हर चावी फिरवून लगेच बॅटरीचा मेन स्विच पाडतो, युरिया नळीत राहतो, सुकतो आणि खडे होतात. पंप आणि डोझर दोनदा बदलूनही दोष परत येत असेल तर आधी मेन स्विच कधी पडतो ते विचारा. आणि युरियाच्या टाकीत चुकून डिझेल पडलं तर चावीही लावू नका. टाकी उतरवा, कारण पंप एकदा फिरला की सगळ्या सिलांची वाट लागते.

डीपीएफ किंवा एससीआर काढून टाकणं, 'इम्युलेटर' (यंत्रणा चालू असल्याचा खोटा सिग्नल देणारा डबा) लावणं हा उपाय म्हणून विकला जातो. तो बेकायदा आहे, फिटनेसला अडतो आणि पुढचा गिऱ्हाईक लॅपटॉप लावला की भाव पाडतो.

मग ठेवायचं काय, घ्यायचं काय

रोज तीन-चारशे किलोमीटर भरून पळणारी, महामार्गावरची गाडी असेल तर बीएस-६. तिथे डीपीएफ आपोआप साफ राहतो आणि ॲव्हरेजचा फायदा मिळतो. दिल्लीकडे फेऱ्या असतील तर पर्यायच नाही: वायू गुणवत्ता आयोगाच्या आदेशानुसार दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-३ आणि त्याआधीच्या मालवाहू गाड्यांना १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीत प्रवेश बंद झाला, आणि बीएस-४ ला दिलेली सवलत ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. लासलगावचा कांदा दिल्लीच्या आझादपूर मंडीत नेणाऱ्याने हे डोळ्यापुढे ठेवूनच बीएस-४ चा भाव करावा.

हंगामी ऊस वाहतूक, क्रशर, गावातल्या गावात विटा-वाळू अशा कामाला चांगली ठेवलेली इनलाइन पंपाची गाडी अजून परवडते. वर्षाला कमी किलोमीटर, जवळपास मिस्त्री, सुटे भाग सहज. फक्त आठ वर्षांनंतर फिटनेस दरवर्षी करावं लागतं आणि वय वाढेल तशी फीही वाढते, ते हिशेबात धरा.

सर्वात जपून घ्यावी ती मधली: कॉमन रेल आणि एससीआर असलेली, नोंदी नसलेली बीएस-४. तिला जुन्याचा सोपेपणा नाही आणि नव्याची वॉरंटीही नाही. बघायला जाल तेव्हा युरियाचा काटा टाकी भरल्यावर हलतो का ते बघा. हलत नसेल तर यंत्रणा बहुधा बाजूला काढलीय. इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या वेगवेगळ्या बाटल्यांत सोडून इंजिन आयडलला दोन मिनिटं चालवा. एका बाटलीत बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट डिझेल जमलं तर तो इंजेक्टर गेला. स्टार्टर मारताना रेलचा दाब स्कॅनरवर साधारण २०० बारच्या पुढे झटकन चढला पाहिजे. वापरलेल्या बीएस-६ साठी स्कॅनरवर काजळी आणि राखेचं प्रमाण आणि शेवटच्या दोन रीजनमधलं अंतर वाचून घ्या, आणि मालकाकडे युरियाची बिलं मागा. शंभर लिटर डिझेलमागे साधारण चार ते सहा लिटर युरिया लागतो. काही इंजिनं ईजीआरमुळे कमी घेतात, पण बिलं एक लिटरच्या हिशेबाने निघत असतील तर काहीतरी लपवलंय.

पुढे इंधन आणखी बदलणार आहे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेलचं लक्ष्य आहे. डिझेलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग जमले नाहीत आणि १० टक्के आयसोब्युटेनॉलच्या (एक प्रकारच्या अल्कोहोलच्या) चाचण्या चालू आहेत, असं केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०२५ मध्ये सांगितलं. ५ टक्के बायोडिझेल मानकाच्या मर्यादेतच बसतं, त्यासाठी गाडी बदलायची गरज नाही. आयसोब्युटेनॉलचा सिटेन (इंजिनात सहज पेट घेण्याचं माप) बराच खाली आहे आणि फ्लॅश पॉइंटही (वाफ पेट घेऊ लागते ते तापमान), त्यामुळे ते आलंच तर रोटरी पंप आणि जुन्या सिलांच्या गाड्यांना आधी जाणवेल. जुनी गाडी ठेवायची ठरली असेल तर पुढच्या वेळी पंप खोलाल तेव्हा सगळ्या ओ-रिंगा आणि रबरी नळ्या एकदमच बदलून घ्या, आणि फिल्टरच्या आधी पारदर्शक भांड्याचा वॉटर सेपरेटर बसवा. ड्रायव्हरला रोज सकाळी त्यातलं पाणी सोडायला सांगा, आणि ते किती आलं ते डायरीत लिहायलाही सांगा. कोणत्या पंपावर भरलं की पाणी वाढतं, ते महिनाभरात त्या डायरीत दिसतं.